सावेकाकांची केळ

सकाळी दारावर थाप पडली की आमच्या बिल्डिंगमधल्या बायका न विचारता ओट्याखालचं पातेलं काढत. दारात सावेकाका उभे असायचे, हातात बादली आणि तोंडात एकच प्रश्न: "तांदूळ धुतले का?"

आमच्या आचोळ्यात तेव्हा पाण्याचा टँकर आला की भांडणांना ऊत यायचा. चांगलं पाणी काकांना कुणी दिलं नसतं आणि त्यांनी मागितलंही नसतं. पण तांदळाचं, डाळीचं, भाजीचं धुवण ते हक्काने न्यायचे. एकदा मी घाईत ते मोरीत ओतलं, तर काका आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. बोलले तेव्हाही एवढंच म्हणाले, "बाय, तहानलेल्याच्या तोंडचं काढलंस."

हे सगळं धुवण मागच्या कंपाउंडमधल्या राजेळी केळीला जायचं. काका मूळचे आगाशीचे वाडीवाले. बायको आधीच गेली, मग वाटण्यांत वाडी गेली, मुलाने इथे फ्लॅट घेतला आणि वडिलांना आणून तिसऱ्या मजल्यावर ठेवलं. मुलगा-सून सकाळी मुंबईला जात ते दिवेलागण झाल्यावर उगवत. वाडीतून काकांनी एक मुनवा, म्हणजे केळीचं पिल्लू, तेवढं मुळाशी माती बांधून आणलं होतं. त्याचीच ही केळ.

जगातल्या कुठल्याही अडचणीवर काकांचा सवाल ठरलेला. कुणाला ताप आला, कुणाची सून रुसली, काका विचारणार, "पाणी कधी दिलं होतं?" खालच्या मजल्यावरच्या जोशींची स्कूटर बंद पडली तेव्हाही त्यांनी हेच विचारलं, आणि जोशी किक मारता मारता खरंच विचार करायला लागले.

तर अशा माणसाच्या हाती मी माझा मुलगा दिला, त्याची गोष्ट.

निनाद अडीच वर्षांचा झाला होता आणि माझी बिनपगारी रजा संपत आली होती. शेजारच्या बिल्डिंगमधल्या देसाईबाई पाळणाघर चालवायच्या. त्यांची अट एकच: शी-शू सांगणारं मूल असेल तरच ठेवीन. आमचं मूल सगळं सांगायचं, पण झाल्यावर. मी दादरहून बदकाच्या आकाराचं प्लॅस्टिकचं भांडं आणलं. निनादने ते डोक्यावर घातलं, त्याला बिस्किट भरवलं, त्याच्यावर बसून घरभर गाडी गाडी खेळला. जे करायचं ते मात्र बदकावरून उतरून, सतरंजीवर. नोकरी हातची जाणार म्हणून मी एक दिवस जिन्यातच रडले. काका बादली घेऊन वर येत होते.

"पाणी कधी देतेस त्याला?"

"तहान लागेल तेव्हा, काका."

काकांनी कपाळावर हात मारला. "देण्याला ठरलेली वेळ नाही, मग आळं कधी भरतं ते तुला कळणार कसं? दे इकडे."

दुसऱ्या दिवसापासून काका निनादला कपभर पाणी पाजायचे आणि बोट धरून खाली न्यायचे. केळीपाशी दोघं उकिडवे बसायचे. मी गॅलरीतून ओरडायची, "झाली का?" की खालून काका गरजायचे, "खणू नकोस! लावलेलं रोप खणून बघायचं नसतं. वाट बघायची!"

आणि चमत्कार झाला. काही दिवसांत निनाद स्वतःहून काकांना "आबा, खाली" म्हणायला लागला. तीन मजले उतरेपर्यंत दम धरायचा आणि केळीच्या आळ्यातच मोकळा व्हायचा. "आयतं खत," काका म्हणायचे. देसाईबाई सोमवारपासून ठेवायला तयार झाल्या. मी ऑफिसला फोनही करून टाकला.

सोमवारच्या आदल्या दिवशी सोसायटीची सत्यनारायणाची पूजा होती.

आमच्या एकाच्याही डोक्यात आलं नाही की सत्यनारायणाच्या चौरंगाला चार बाजूंनी केळीचे खुंट बांधतात. भटजी कथेत रंगले होते. साधुवाण्याची नौका बंदरात होती. निनाद माझ्या मांडीवरून उठला, शहाण्यासारखा पुढे गेला, चड्डी खाली केली आणि उजवीकडच्या खुंटाला मनसोक्त खत घातलं. भटजींनी पोथी वर उचलली, पाय आणखी वर उचलले. पहिल्या रांगेत देसाईबाई होत्या.

"माझ्या घरात केळ नाही," प्रसाद घेताना त्या मला म्हणाल्या, "आणि मी लावणारही नाही."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. काका मात्र ताठ. "पोराचं काय चुकलं? चार खुंट बांधले, त्याने झाड बरोबर ओळखलं!"

काका दुसऱ्या दिवशी सकाळी पहार घेऊन खाली गेले, केळीचा एक मुनवा मातीच्या गोळ्यासकट काढला, रंगाच्या जुन्या डब्यात लावला आणि धापा टाकत तीन मजले चढवून आमच्या बाथरूममध्ये बदकाशेजारी ठेवला.

"रोप हलवायचं तर मुळाशी जुनी माती ठेवून हलवायचं. नुसतं उपटून आणलं की धरत नाही."

निनादने डबा बघितला, काकांकडे बघितलं आणि बदकावर बसला. मी दाराआडून डोकावले. "खणू नकोस," काका कुजबुजले. आतून आवाज आला आणि मी तिथेच टाळ्या वाजवल्या.

पुढे डबा रोज थोडा थोडा लांब सरकत गेला. आधी बाथरूमच्या दाराशी, मग पॅसेजमध्ये, मग गॅलरीत. शेवटी निनादला त्याची आठवणही राहिली नाही. देसाईबाईंनी घरी येऊन परीक्षा घेतली आणि पास केलं. ऑफिसचे साहेबही, कुरकुरत का होईना, आठवडाभर थांबले.

मी काकांना पेढे द्यायला गेले. "काका, तुमची ती मातीची युक्ती जबरदस्त. माझी नोकरी वाचली."

काकांनी पेढा हातातच धरला. "केळ आणली तेव्हा मी माती बांधून आणली, बाय. मला आणलं तेव्हा कुणाच्या ध्यानात नाही आलं."

त्यांनी ते तक्रारीच्या सुरात म्हटलं नव्हतं, म्हणून मला जास्त लागलं. इतकी वर्षं मी या माणसाला धुवण देत होते आणि घरात या म्हणून एकदाही म्हटलं नव्हतं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी मी पाळणाघरात पोचले. देसाईबाई खुशीत होत्या. "सांगतो हो तुमचा. पण झालं की दर वेळी म्हणतो, आबांना सांगा. हे आबा कोण?"

निनादला घेऊन जिना चढले तर सावेकाकांचं दार सताड उघडं. उंबऱ्यात खुर्ची टाकून काका बसलेले, पायाशी बादली. संध्याकाळी कुणी धुवण राखून ठेवत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"सांगितलं का त्याने?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं. आणि तुम्हाला कळवायला सांगितलंय."

काका आत गेले, कपभर पाणी घेऊन आले आणि निनादला पाजलं. मग त्याचं बोट धरून जिना उतरायला लागले.

मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. खाली केळीपाशी दोघं उकिडवे बसले होते. अंधार पडत आला, पोळ्या व्हायच्या होत्या, पण मी वरून हाक मारली नाही. काकांच्याही पोळ्यांची कणीक भिजवायला घेतली.