तराजूत तोललेला आवाज

किराणा दुकानाच्या तराजूत एका पारड्यात एक स्पीकर, दुसऱ्यात दुसरा, आणि हलक्या बाजूला चिमूट चिमूट जिरं टाकणारा माणूस मी लातुरात पाहिला. मन्मथअप्पा, माझे घरमालक. समोर गिऱ्हाईक साखरेसाठी ताटकळलेलं, आणि अप्पा म्हणणार, "थांब की रं, जोडी जुळवायलोय!"

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. नव्या कचेरीत आधी आम्ही कारकून आलो, मागून खुर्च्या आल्या. पाणी मात्र कुणाच्याच आदेशात नव्हतं. त्या दुष्काळात गल्लीत टँकर यायचा आणि त्याच्यावरचा भोंगा काहीतरी खरखरायचा. एकदा अप्पांच्या बायकोला, गंगाअक्कांना, तो कळलाच नाही. त्या घागर घेऊन पोचल्या तेव्हा टँकर निघून गेला होता, आणि बाया तोंडाला पदर लावून हसल्या. अप्पा खवळले. "भोंगाच धड बोलत न्हाई! मी करतो स्पीकर. चुलीपाशी बसून अक्षर न् अक्षर कळंल. टँकरवर तोच लावायचा!"

झालं, खूळ घुसलं. एका खोक्यात दोन स्पीकर बसवायचे तर ते एकमेकांना शोभले पाहिजेत, असा अप्पांचा सिद्धांत. तराजू झाला की बॅटरीचा सेल. त्याची तार टेकवली की स्पीकरचा कागदी पडदा टुण्णकन पुढे यायचा. अप्पा डोळे बारीक करून बघायचे. "ह्याची उडी मोठी, त्याची बारकी. नांदायचे न्हाईत, भाऊसाहेब."

मी दर शनिवारी नांदेडला घरी जायचो. येताना आणखी दोन स्पीकर आणायचे हे मला घरभाड्यासारखंच लागू झालं. एक स्पीकर तर चिमूटभर जिऱ्याला कमी भरला म्हणून परत गेला. कारण सांगताच तिथल्या दुकानदारानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. माझ्या बापानं बहिणीसाठीसुद्धा इतकी स्थळं पाहिली नव्हती! कचेरीत मी अप्पांच्या नकला करून चहा मिळवायचो.

जी जोडी जमायची तिची परीक्षा अप्पा घरात, एकटेच घ्यायचे. थोड्या वेळानं पडेल चेहऱ्यानं बाहेर. "घोगरा निघाला." की पुन्हा पेचकस हातात!

एका रविवारी मी गावी गेलो नव्हतो. सागवानी खोकं जड झालेलं, म्हणून अप्पांनी मला आत नेलं. स्वयंपाकघराच्या दारात मी ते धरून उभा. अक्का आमच्याकडे पाठ करून ज्वारी निवडत होत्या. अप्पा दुकानात गेले आणि माईकवर बोलले, "टँकर आला हो, टँकर आला! घागरी घेऊन या!"

अहाहा, काय आवाज! अप्पांनी मध्ये घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. शेजारच्या चार बाया घागरी घेऊन धावल्या, दारात त्यांची रेटारेटी झाली, एकीची घागर खणखणत गटारीत गेली.

अक्कांनी सुपातला खडा उचलला, निरखला आणि बाजूला टाकला.

अप्पा आत आले. वळसा घालून अक्कांच्या समोर बसले, तोंडासमोर तोंड. "आला का गं आवाज?"

"कुठं? बोललाच न्हाई की अजून."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. इतके दिवस ह्या माणसाला मी हसत होतो, ह्याची मला अशी लाज वाटली की सांगता सोय नाही. बाहेर बाया अप्पांच्या नावानं शिव्यांची लाखोली वाहत होत्या.

"ह्यो बी घोगराच निघाला, भाऊसाहेब," अप्पा म्हणाले.

"हाव अप्पा," मी म्हणालो. "लई घोगरा. मला तर एक शब्द कळला न्हाई."

अप्पा पेचकस घेऊन स्क्रू सोडायला लागले. अक्कांनी सूप बाजूला ठेवलं आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

"मनाला लावून घेऊ नका," त्या म्हणाल्या, "पुढचा बोलंल बघा."