नाचणेकाका बेशिस्त मागतात

दर रविवारी अकरा वाजता आमच्या वरच्या मजल्यावरचे नाचणेकाका बेल वाजवायचे आणि मला निरर्थक टाइप करायला बोलवायचे. हो, बरोबर वाचलंत. आमच्या शांती नगरात लोक एकमेकांकडे विरजण मागायचे, मिक्सर मागायचे. काका बेशिस्त मागायचे.

तेव्हा सीडीचं राज्य होतं. काका घरबसल्या एका कंपनीसाठी बँकांच्या कॉम्प्युटरची सीडी बनवायचे. ती घातली की अख्खी यंत्रणा कॉम्प्युटरवर चढायची, आणि त्यातली माहिती गुप्त ठेवणारी सांकेतिक कुलुपं फक्त सरकारमान्य यादीतली. यादीबाहेरचं एक सापडलं तरी सीडी बाद. माणूसही तसाच. भाजीवाल्याने फुकट कोथिंबीर दिली, तर "यादीत नव्हती" म्हणून परत करणार.

"पण काका, त्यात मी कशाला?"

"किल्लीसाठी. कुणाला ओळखता येऊ नये म्हणून तिला काहीतरी वेडंवाकडं लागतं. माझा हात पडला वळणाचा. तुमचं छान जमेल."

हे कौतुक होतं की काय, मला अजून कळलेलं नाही.

समोरच्या जिग्नाबेननाही बोलावणं असायचं. त्या विचारायच्या, "काका, क्या दबाऊं?"

"कुछ भी. लेकिन सोचके नहीं."

बाई डोळे मिटून बटणं दाबायच्या आणि पडद्यावर नवऱ्याचं नाव उमटायचं. माझ्या वेळी काका चष्मा वर करायचे. "वहिनी, सासूबाईंबद्दल गेल्या रविवारीही हेच लिहिलं होतंत. वेगळं काहीतरी येऊ द्या."

मग चहा, काकांच्या हातचे घावणे आणि गप्पा. पाच मिनिटांच्या कामाला दोन तास. माझी धुणी तशीच पडायची. शेवटी वैतागून मी डोकेदुखीचं निमित्त काढलं. जिग्नाबेनना दुकान होतंच. तीन रविवार कुणीच फिरकलं नाही.

चौथ्या रविवारी काकांच्या कंपनीतली एक बाई जिन्यात भेटली, सीडी घेऊन निघालेली. मी चाचरतच विचारलं, "आमच्यावाचून किल्ली अडली नाही ना?"

"कसली किल्ली?"

मी सगळं सांगितलं. तिला हसू आवरेना. "अहो, हाताने टाइप केलेलं आमच्या नियमात बसतच नाही. किल्लीसाठी लागणारं वेडंवाकडं मशीनमधलं एक वेगळं कार्डच बनवतं. हे तर नाचणे सरांनीच आम्हाला शिकवलं."

म्हणजे दोन वर्षं हा माणूस आम्हाला चक्क बनवत होता. मी तणतणत वर गेले. दार उघडंच होतं. टेबलावर झाकलेले घावणे, तीन कप, आणि काका फडक्याने कीबोर्ड पुसत बसलेले. काकू जाऊनही दोनच वर्षं झाली, हे मला तिथे उंबऱ्यात उभं राहिल्यावर लक्षात आलं. राग कुठल्या कुठे गेला. माझी मलाच लाज वाटली.

"डोकं कसं आहे?" काकांनी विचारलं.

"दुखतंय," मी म्हटलं आणि खुर्ची ओढली. "सरका जरा. तीन आठवड्यांचं साचलंय."