अर्ध्या कुलपाचा प्रश्न

धायरीच्या 'निवांत' ज्येष्ठ निवासात एकूण एकच कुलूप होते. वाचणाऱ्याला ही समाधानाची बाब वाटेल. कार्यालयीन भाषेत मात्र तिला अडचण म्हणतात, आणि ही अडचण कशी उद्भवली ते क्रमाने सांगणे आवश्यक आहे.

कुलूप बाहेरच्या फाटकाला होते. पूर्वी तेही नव्हते. मग निवासातल्या एक आजी कुणाला न सांगता बस पकडून कात्रजला साप बघायला गेल्या आणि संध्याकाळी सुखरूप परतल्या. साप त्यांना आवडले होते, भूक सडकून लागली होती, जेवताना त्यांनी आमटी पुन्हा मागून घेतली. असा गंभीर प्रकार परत घडू नये म्हणून दुसऱ्याच दिवशी फाटकाला कुलूप लागले आणि किल्ली पहारेकरी सोनबाच्या कमरेला गेली.

या कुलपाचा जाच खऱ्या अर्थाने एकाच माणसाला होता, तो म्हणजे भीमराव वासनिकांना. भीमराव मूळचे नागपूरकडचे, कोषागारातून वरिष्ठ अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. पत्नी गेल्यावर मुलगा रोहन याने त्यांना हिंजवडीच्या फ्लॅटमधून इथे आणले, कारण फ्लॅटमध्ये दिवसभर कुणीच नसे आणि इथे दिवसभर कुणी ना कुणी असे. भीमरावांचे डोके शाबूत होते, गुडघे बऱ्यापैकी शाबूत होते आणि मागणी एकच होती. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या अमृततुल्यात एकट्याने चालत जावे, उभ्याने एक साखरेचा चहा प्यावा आणि परत यावे.

"अहो काका, इथे मिळतो की चहा," व्यवस्थापिका सुरुची दाबके म्हणत.

"इथे चहा मिळतो, मॅडम. मला तो जाऊन प्यायचाय."

"मी मागवून देते ना तिथलाच. थर्मासमधून."

"थर्मासला फिरवून आणण्यात मला रस नाही."

सुरुचीबाई वाईट होत्या असे मुळीच नाही. भीमराव वाटेत पडले तर रोहनला काय सांगायचे, या विचाराने त्यांच्या पोटात खरोखर गोळा येई. जगातली बहुतेक कुलपे अशा पोटातल्या गोळ्यांपासूनच बनतात, आणि म्हणूनच ती काढायला सांगणे अवघड जाते. बाप पडेल म्हणून बापाला कोंडणाऱ्याशी भांडायचे तरी कसे?

अशात ज्येष्ठ निवासांना दर्जाप्रमाणे तारे देणाऱ्या मंडळाचे परिपत्रक आले. निवाशांच्या वावरावर मर्यादा आणणाऱ्या सर्व पद्धतींमध्ये वर्षअखेर पन्नास टक्के घट करावी, अन्यथा तारा काढून घेण्यात येईल. भीमरावांनी ते सूचनाफलकावर वाचले आणि कितीतरी महिन्यांनी पायात बूट घालून पाहिले.

घट घडवून आणण्यासाठी शुभंकर नावाचे तरुण सल्लागार नेमण्यात आले. ते वाहतुकीत अडकून दुपारी पोहोचले, त्यांनी सगळी इमारत फिरून पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला.

"मॅडम, तुमच्याकडे एकच बंधन आहे."

"हो ना," सुरुचीबाई अभिमानाने म्हणाल्या.

"मग पन्नास टक्के घट कशी करणार? अर्धं कुलूप काढता येत नाही."

सोनबाने सुचवले, "साहेब, सकाळी लावू अन् दुपारी काढू. झालं ना अर्धं?"

"ती वापराच्या वेळेत घट झाली. मंडळ संख्या मोजतं."

भीमराव कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी वर न बघता विचारले, "आख्खंच काढलं तर?"

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिले. मग शुभंकरनी समजुतीने सांगितले की शंभर टक्के घट मंडळ मान्य करत नाही. आजवर ज्या संस्थांनी ती दाखवली त्यांची चौकशी झाली. शिवाय एकदम सगळे काढून टाकले तर पुढच्या वर्षी कमी करायला काय उरेल? प्रगती दिसायची असेल तर ती करायला जागा पाहिजे, आणि 'निवांत'मध्ये ती जागाच ठेवलेली नव्हती. ही पूर्वीच्या व्यवस्थापनाची चूक होती.

"यावर उपाय एकच," शुभंकर म्हणाले. "आधी बंधनं वाढवावी लागतील."

पुढच्या सोमवारपासून वाढ सुरू झाली. पहिल्यांदा टीव्हीचा रिमोट जाळीच्या पेटीत गेला. त्यानंतर न्हाणीघरातले प्लॅस्टिकचे मग साखळीने नळाला बांधण्यात आले. बुटांसकट सगळ्या चपला एका कपाटात बंद झाल्या आणि काठ्या कार्यालयात जमा झाल्या. खुर्च्यांना पट्टे आले. लोणच्याच्या बरणीला कडी लागली. नाश्त्याच्या वेळी गुणगुणण्यावर मर्यादा आली, आणि ज्यांना मुळात गुणगुणायची सवय नव्हती त्यांना ती आधी लावून घेण्यास सांगण्यात आले, म्हणजे मर्यादेला अर्थ येईल. खिडकीतून डोकावण्यासाठी वेळापत्रक लागले. कापूस आणि चिकटपट्टी यांना कुलूप लावल्यावर मात्र शुभंकर स्वतःच थांबले. अतिरेक त्यांना पसंत नव्हता.

भीमरावांनी रोहनला फोन केला.

"बाबा, टेन्शन नका घेऊ, हे टेम्पररी आहे," रोहन म्हणाला. "बेसलाइनच नसेल तर इम्प्रूव्हमेंट दिसणार कशी? आमच्याकडेपण असंच करतात."

"तुमच्याकडे चपला कोंडतात?"

"बाबा, मी मीटिंगमध्ये आहे. तुम्ही सेफ आहात ना? मग झालं."

भीमरावांनी फोन ठेवला. आयुष्यभर सरकारी नोकरी केल्यामुळे त्यांना राग यायला वेळ लागे, पण त्या दिवशी तो आला. ते अनवाणी फाटकापर्यंत गेले आणि गजांतून अमृततुल्याच्या पाटीकडे बघत राहिले.

मंडळाने 'निवांत'च्या बंधनांची संख्या पाहिली आणि एवढी भक्कम सुरुवात जिल्ह्यात दुसऱ्या कुणी केलेली नाही, असे कौतुकाचे पत्र पाठवले. वर्षअखेर घट-समारंभ झाला. मंडप, रांगोळी, मसालेभात. चपलांच्या कपाटाचे दार फीत कापून उघडण्यात आले. मगांच्या साखळ्या सुटल्या. समारंभाला उपस्थिती सक्तीची होती, आणि काही आजोबा मध्येच उठून झोपायला जातील या भीतीने त्यांना पट्ट्यांनी खुर्चीत नीट बसवले होते. मुक्तीवरचे भाषण त्यांनी शेवटपर्यंत ऐकले.

बरोबर निम्मी बंधने गेली. उरलेल्या निम्म्यांत फाटक होते.

"फाटक पुढच्या टप्प्यात," सुरुचीबाई म्हणाल्या. "काका, चपला तर मिळाल्या ना?"

"मिळाल्या. आता त्या घालून कुठे जाऊ, तेवढं सांगा."

भीमरावांचे नशीब असे की पुढच्या टप्प्यात मंडळाने नियमच बदलला. आता आकडे नकोत, अनुभव हवा. तपासनीस स्वतः येतील आणि एखादा निवासी मोकळेपणाने बाहेर पडताना प्रत्यक्ष बघतील. सुरुचीबाईंनी सगळ्यांना विचारले. बाकीचे आता इतके सरावले होते की फाटक म्हटले की त्यांना घाम फुटे. कात्रजच्या आजींनीसुद्धा नको म्हटले. शेवटी सुरुचीबाई भीमरावांकडे आल्या.

"चहा पिऊ देणार?" भीमरावांनी विचारले.

"हो."

"साखरेचा?"

"एक चमचा."

"मागे कुणी येणार नाही?"

सुरुचीबाईंच्या पोटात गोळा आला. तरी त्या 'कुणी येणार नाही' म्हणाल्या आणि त्यांनी दिलेला शब्द पाळला, हे इथे नोंदवले पाहिजे.

आठवडाभर तालीम झाली. शुभंकर खुर्ची टाकून फाटकाजवळ बसत. "काका, अजून मोकळेपणाने चाला. एवढं नाही. पळून चाललाय असं वाटतंय. चेहऱ्यावर थोडी स्वयंप्रेरणा आणा." भीमराव परत मागे येत आणि पुन्हा स्वयंप्रेरणेने निघत.

तपासणीच्या दिवशी सोनबाने सगळ्यांदेखत कुलूप काढले. तपासनीस झाडाखाली सरबत घेत बसले. भीमराव इस्त्रीच्या शर्टात बाहेर पडले.

गल्ली तीच होती, खड्डे तेच होते, तरी भीमरावांना इतका आनंद झाला की मनातल्या मनात त्यांनी साऱ्या खड्ड्यांना माफ केले. कुणाचा हात दंडाला नव्हता. आपला पाय आपण उचलायचा आणि हवा तिथे टाकायचा, यात इतके सुख असते हे ते पार विसरून गेले होते.

एक स्कूटर थांबली. स्कूटरवरच्या बाईंनी चेहऱ्यावरची ओढणी सोडली. "आजोबा, एकटेच निघालात? घरचे कुठेत?"

"चहा प्यायला चाललोय."

"हो, हो," बाई गोड हसल्या आणि त्यांनी भीमरावांचा फोटो काढला. मिनिटभरात तो परिसरातल्या सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर गेला. 'हे आजोबा धायरीत एकटे फिरताना आढळले आहेत. चहाबद्दल काहीतरी बोलत आहेत. ओळखत असल्यास त्वरित कळवा. कृपया पुढे पाठवा.'

पुढे एका गृहस्थांनी त्यांचा हात धरला आणि त्यांना रस्ता ओलांडून दिला. भीमरावांना रस्ता ओलांडायचा नव्हता. परत यायला निघाले तर दुसऱ्या एकाने पुन्हा पलीकडे नेले. औषधांच्या दुकानदाराने बाहेर येऊन त्यांना खुर्चीत बसवले आणि ते उठू नयेत म्हणून त्यांचा चष्मा प्रेमाने काढून गल्ल्याजवळ ठेवला.

"मी हरवलेलो नाही," भीमराव शांतपणे म्हणाले.

"सगळे असंच म्हणतात, आजोबा," जमलेल्यांपैकी एक जण हळव्या आवाजात म्हणाला. बाकीच्यांनी चुकचुक केली.

ते उठले, चष्म्याशिवाय चाचपडत अमृततुल्यापर्यंत पोहोचले. चष्मा नसल्याने ते खरोखरच हरवल्यासारखे दिसत होते. त्यांनी एक चहा मागितला. चहावाल्याने आधी त्यांच्याकडे आणि मग मोबाईलकडे पाहिले.

"बसा आजोबा. शुगर असेल ना तुम्हाला? पाणी देतो."

"शुगर नाही मला."

"तरी पण नको. काही झालं तर लोक मला धरतील."

उकळता चहा हातभर अंतरावर होता. आल्याचा वास नाकात जात होता. भीमरावांनी पाणी घेतले.

दरम्यान तो फोटो हिंजवडीला रोहनकडे चार ग्रुपांवरून पोहोचला होता आणि त्याने घाबरून 'हे माझे वडील आहेत, प्लीज त्यांना थांबवून ठेवा' असे उत्तर पाठवले होते. लोकांनी थांबवून ठेवले. मग रिक्षा आली, पुढेमागे दोन स्कूटरी लागल्या आणि भीमरावांना वाजतगाजत म्हणावे अशा थाटात 'निवांत'मध्ये परत आणण्यात आले. फाटकाशी सगळ्यांनी त्यांच्यासोबत फोटो काढले. चष्मा कुणीतरी मागाहून आणून दिला.

तपासनीस भारावून गेले. त्यांनी जागच्या जागी शेरा लिहिला: संस्थेकडून एकही बंधन आढळले नाही. समाजाचा सहभाग अनुकरणीय. 'निवांत'ला वरचा तारा मिळाला आणि सुरुचीबाईंच्या पोटातला गोळा कायमचा गेला. सोनबाने किल्ली भंगारात दिली.

तुम्हालाही तो फोटो आला होता. तुम्ही तो उघडलात, तुम्हाला वाईट वाटले आणि खाली हात जोडल्याची खूण टाकून तुम्ही तो पुढच्या तीन ग्रुपांवर पाठवलात. आपण माणुसकी जपली, या समाधानात त्या रात्री तुम्हाला झोपही छान लागली.

'निवांत'चे फाटक आता दिवसभर सताड उघडे असते. परवा संध्याकाळी भीमरावांनी बूट घालून एक पाऊल बाहेर टाकले. समोरून तुम्ही येत होता, चेहऱ्यावर काळजी होती आणि हात मदतीला पुढे झालेला होता. भीमराव मुकाट्याने आत गेले.