झालरवाला ॲम्प

प्रताप नगरात देवरावांचं साऊंडचं दुकान आहे. हा धंदा त्यांना कोणी शिकवला नाही. रेडिओ उघडून-उघडून ते स्वतःच शिकले (पहिले दोन-चार रेडिओ पुन्हा मिटलेच नाहीत, ती गोष्ट वेगळी). गिऱ्हाईक आलं की छातीवर हात ठेवून सांगतात, "मशीन धोका देत नाही गा, मालक देतो!"

त्यांची लेक दीप्ती बास गिटार वाजवते. मे महिन्यात तिच्या ग्रुपला पारशिवनीचं बोलावणं आलं. मामाच्या, म्हणजे आनंदरावांच्या, नातवाचं नामकरण होतं आणि मांडवात भीमगीतं वाजवायची होती. मामांनी फोनवरच टोला हाणला होता, "पोरीनं गाणं म्हणावं. हे ढुमढुम काहून?" तेव्हा मामाला ढुमढुम पटवायचंच, असा दीप्तीचा पण. आणि बासचा आवाज वाढवणारा ॲम्प देवरावांच्या दुकानातला, म्हणजे सासुरवाडीत नाक त्यांचंही पणाला.

"बाबा, मैत्रिणीचा एक ॲम्प स्पेअर घेऊन जाऊ," दीप्ती म्हणाली.

"स्पेअर? हलवायाच्या पोरीनं डब्यात दुसऱ्याची मिठाई न्यावी काय?"

स्पेअरऐवजी देवरावांनी कव्हर नेलं. त्यांच्या घरात कव्हराशिवाय फक्त माणसंच फिरतात. फ्रिज, मिक्सर, टीव्हीचा रिमोट, सगळे अंगभर कपड्यांत. ॲम्पचं कव्हर त्यांच्या बायकोनं, प्रेमिलाबाईंनी, जुन्या पडद्याचं शिवलेलं. अंगावर गुलाब, खाली लेसची झालर, समोर आवाजापुरती खिडकी.

"वाजवताना काढजा," प्रेमिलाबाईंनी बजावलं. "बिचाऱ्याले दम लागन."

"मांडवातली धूळ पाहिली काय वं? मले साऊंड शिकवून राहिली!"

मांडव तव्यासारखा तापला होता. पहिलं गाणं असं रंगलं की बासचा ठोका थेट बरगड्यांत बसे. आनंदरावांचा पाय त्यांना न विचारता हलू लागला. दीप्तीनं ते पाहिलं, हसली, आणि दुसऱ्या गाण्याच्या ऐन मध्यावर ॲम्प मुका झाला.

"गावचं व्होल्टेज!" देवरावांनी जाहीर केलं.

"जवाईबापू, पंखे तर चालून राहिले," आनंदराव म्हणाले.

"मग गरमी."

(निदान अचूक होतं. घात उपायानं केला.) पाळण्यासमोर मोठा कूलर होता. देवरावांनी तो ओढत नेला आणि ॲम्पच्या पाठीशी लावला. कव्हर मात्र जागच्या जागी. कूलरनं आपला धर्म पाळला, तुषार उडवले. पडदा ओला झाला आणि गुलाबांसकट ॲम्पच्या मागच्या जाळीला चिकटला. उरलीसुरली हवाही बंद.

"बाबा, हात नका लावू, करंट लागन!" दीप्तीनं आधी प्लग खेचला, मग कव्हर सोललं, मग कूलरचं पाणी बंद केलं. ॲम्पची पाठ पापड भाजण्याइतकी तापली होती. जळण्याआधी त्यानं शहाण्यासारखं स्वतःच काम थांबवलं होतं.

प्रेमिलाबाई ओली झालर पिळत म्हणाल्या, "मशीन धोका देत नाही, मंग कोण देते म्हणता तुम्ही?"

देवरावांनी मांडवाच्या छताची पाहणी सुरू केली.

कोरडी हवा मिळाली तसा ॲम्प शुद्धीवर आला. पण कूलर परत पाळण्याकडे न्यायला दीप्ती काही केल्या तयार होईना, आणि इकडे उत्सवमूर्तीनं गरमीनं टाहो फोडला. प्रेमिलाबाईंनी एका खोक्याचा पुठ्ठा फाडून नवऱ्याच्या हातात दिला. "ॲम्पचं ती पाहते. पाळण्याचं तुम्ही पाहा."

बाकीचा कार्यक्रम झकास झाला. तिकडे दीप्ती वाजवत होती, इकडे देवराव वारा घालत होते. मनगट बदललं, खांदा बदलला, पण हात थांबवला नाही. शेवटी आनंदरावांनी माईक घेतला.

"भाचीनं आमचं तोंड बंद केलं! पुढच्या साली पुन्हा ढुमढुमच! अन् आज सगळ्यात भरवशाचं मशीन कोणतं निघालं असन, तर ते आमचे जवाईबापू. पाळण्यापाशी बसल्यापासून एकदाही बंद पडले नाहीत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. देवराव भारावून उठले, त्यांनी सगळ्यांना हात जोडले.

वारा थांबला. पोरगं रडलं.