चपला उलट्या करून बघणाऱ्या बेबीताई

आमच्या बेलवलीत कुणाच्या घरी हळद असली की मांडवाबाहेर चपलांचा ढीग पडतो. आत बँजो वाजत असतो, नवरदेवाला हळद लावायला बायकांची झुंबड उडालेली असते, आणि बाहेर त्या ढिगापाशी बेबीताई उकिडव्या बसून एकेक चप्पल उचलून उलटी करत असतात. तळ बघायचा, अंगठ्याने टोक चाचपायचं, चप्पल जागेवर ठेवायची, पुढची घ्यायची. बाजारात वांगी निवडावीत तसं.

नवखा माणूस हमखास चोर समजतो. एकदा एका पाहुण्याने त्यांना हातात बूट असताना मनगटाला धरलं. बेबीताईंनी बूट खाली न ठेवताच विचारलं, "हा तुजा? बाहेरच्या बाजूनं झिजलाय. गुडघा दुखतो का रं?" पाहुण्याचा गुडघा खरोखर दुखत होता. तो पुढे अर्धा तास त्यांच्याशेजारी बसून गुडघ्याची कथा सांगत राहिला, आणि हळद लावायची राहूनच गेली.

शिवाय चप्पल उलटी पडली की घरात भांडण होतं हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. बेबीताई तर एका संध्याकाळी ढीगभर उलट्या करणार. एका लग्नात मटण कमी पडलं, दोन्हीकडची मंडळी हमरीतुमरीवर आली आणि खापर बेबीताईंवर फुटलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मटण तुमी कमी शिजवलं आन् भांडण माज्या हातानं झालं? बरं हाय." आणि पुढची चप्पल उचलली.

मी त्यांचा शेजारी. उल्हासनगर कॅम्प ५ मध्ये एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेला पहिला माणूस मी. वडील अंबरनाथला एका कारखान्यात हेल्पर होते, माझं बी.एस्सी.चं प्रमाणपत्र त्यांनी फ्रेम करून टीव्हीच्या वर लावलं, ते अजून तिथेच आहे. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. बेबीताईंनी तर माझं नावच टाकून दिलं. त्या मला 'बीएस्सी' म्हणतात. "इकरं ये रं बीएस्सी, हा कागद वाच." त्या स्वतः दहावी नापास. तीस वर्षं अंगणवाडी सेविका होत्या. बेलवलीतली निम्मी तरणी पिढी त्यांच्या हातची खिचडी खाऊन वाढली.

चपलांचं वेड त्यांना उगाच लागलेलं नाही. त्यांचा धाकटा मुलगा किरण नऊ वर्षांचा असताना त्याच्या चपला पुढून झिजायला लागल्या. टाच नवीकोरी आणि टोक गेलेलं. "पाय घासत चालू नको," म्हणून बेबीताईंनी त्याला दोन धपाटे घातले आणि नवी जोडी आणली. महिन्याभरात तीही तशीच. मग पाय कडक होत गेले. तो चवड्यांवर चालायला लागला, मग भिंत धरून, मग वॉकर, आणि कॉलेजच्या वयात व्हीलचेअर. डोकं मात्र तल्लख. आज तो अठ्ठावीस वर्षांचा आहे आणि घराच्या ओटीवर मोबाईल दुरुस्त करतो. बदलापूर पश्चिमेत कुणाचा फोन पाण्यात पडला की तो किरणकडे येतो.

डॉक्टरांनी पंधरा-सोळा वर्षांत त्याला वेगवेगळे आजार देऊन पाहिले. एक म्हणाला पोलिओ, एक म्हणाला जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, एकाने नुसत्याच व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या. नातेवाईकांचं निदान एकच होतं: बाहेरचं. नारळ उतरवा, अमक्या बाबाकडे जा. बेबीताई त्यांना दारातूनच ऐकवायच्या, "बाहेरचं नाय, आतलं हाय." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आत म्हणजे कुठे, ते तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांना इलाज हवा होता असंही नाही. किरणच्या बाबतीत ती आशा त्यांनी कधीच सोडली होती. त्यांना एवढंच कळायला हवं होतं, की हे कशामुळे झालं. आपण मरायच्या आत कळायला हवं होतं.

मुंबईच्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात अशा आजारांचा वेगळा विभाग आहे, हे मी शोधून काढलं. तिथल्या डॉक्टरीण बाई वयाने लहान, माझ्याहूनही लहान. त्यांनी किरणचं रक्त घेतलं. चार महिन्यांनी अहवाल आला आणि तो वाचून दाखवायचं काम अर्थातच बीएस्सीकडे.

"एका जीनमध्ये एक अक्षर बदललंय," मी म्हणालो. "पण त्याचा अर्थ अनिश्चित, असं लिहिलंय."

"एवढं रगत घेतलं आन् अनिश्चित?"

"आजवर हा जीन कुणी या आजाराशी जोडलेलाच नाही, ताई. हेच कारण असेल, किंवा हे अक्षर बिचारं निरपराध असेल."

"मग तुजं बीएस्सी कनाला हाय?" त्या म्हणाल्या. कनाला म्हणजे कशाला.

डॉक्टरीणबाईंनी पुढच्या खेपेला समजावलं. एका रोग्यावरून सिद्ध काहीच होत नाही, मावशी. असाच आजार असलेलं दुसरं कुणी सापडलं, आणि त्याच्याही रक्तात हेच अक्षर बदललेलं निघालं, तर गोष्ट वेगळी. पण असा माणूस शोधायचा कुठे? बेबीताईंनी खाली मान घालून ऐकलं. त्या रविवारी बेलवलीत एक हळद होती. त्या दिवसापासून त्या चपलांपाशी बसायला लागल्या.

"चप्पल खोटं बोलत नाय," त्या म्हणायच्या. "माणूस म्हणंल, आमच्या घरात असलं काय नाय. मुलीचं लगीन व्हायचं असतं ना त्याला."

किरण वैतागायचा. "आई, तू पोलीस में भरती हो जा. फालतू में लोक हसतात."

"हसू दे. फोन बग तू."

जोडीला त्यांनी वंशावळ काढायला घेतली. जुन्या भिंतीवरच्या कॅलेंडरांची पानं मागच्या कोऱ्या बाजूने खळीने चिकटवून त्यांनी एक लांबलचक गुंडाळी केली. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आणि ज्याचे पाय गेले त्याच्यावर काळी टिकली. कपाळाला लावायची ती. गुंडाळी उघडली की ती ओटीवरून सुरू होऊन स्वयंपाकघरात जायची. त्यांचं लग्न सख्ख्या आत्याच्या मुलाशी झालेलं. आपल्याकडे मामाच्या मुलीवर हक्कच सांगतात. त्यामुळे दोन घराण्यांच्या रेघा मधेच एकमेकींत घुसून किरणपाशी येऊन थांबायच्या. किरणवर एक टिकली. बाकी कागदावर एकही टिकली नाही.

आणि मग अंबरनाथच्या बाजूच्या एका गावात, हळदीलाच, त्यांना ती सँडल सापडली. लहान, गुलाबी. बक्कल नवं, टाच नवी, आणि टोक पार अंगठ्यापर्यंत गेलेलं. मी त्या दिवशी त्यांना स्कूटरवरून घेऊन गेलो होतो, म्हणून मला माहीत आहे. त्यांनी ती सँडल खाली ठेवली नाही. आतून दोनदा जेवायला बोलावणं आलं, त्या उठल्या नाहीत. नऊच्या सुमारास एक अकरा वर्षांची मुलगी, सानिका तिचं नाव, आईचा हात धरून चवड्यांवर चालत आली आणि म्हणाली, "आजी, ती माझी आहे." बेबीताईंनी गुडघ्यावर बसून दोन्ही सँडल तिच्या पायात घातल्या, बक्कल लावलं. आईला फक्त एवढंच विचारलं, "माहेर कंचं, बाई?"

पहिल्यांदा आईबाप चिडले. बेबीताई तीनदा जाऊन आल्या, चौथ्यांदा किरणला घेऊन गेल्या. किरणने सानिकाच्या बापाचा फोन दुरुस्त केला आणि सांगितलं, "काका, मला नऊ वर्षांचा असताना कुणी व्यायाम शिकवला असता ना, तर आज थोडा अजून चाललो असतो. बस, इतकंच." सानिकाचं रक्त मुंबईला गेलं. तेच अक्षर.

डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्या. पण प्रश्न होता: ही दोन घरं एकमेकांच्या नात्यात आहेत का? एकाच मुळातून हा बदल दोन्हीकडे पोचला असेल, तर दोघांत सारखा आलेला भाग तेवढाच तपासायचा उरणार होता. बेबीताईंनी दोन्ही वंशावळी शेजारी अंथरल्या. कुठेच जुळेना. सानिकाच्या पणजोबांची आई राधाबाई. तिचं माहेर त्या घरात कुणालाच ठाऊक नाही. बेबीताईंच्या बाजूने त्यांच्या बेलवलीतल्याच आजोबांची एक बहीण यमुना. पुढे काही ठाऊक नाही. बेबीताई महिनाभर त्या कागदावर रांगत होत्या.

सानिकाची पणजी तिच्या लेकीकडे कॅम्प ५ मध्ये राहते. लॅब तिथून जवळ, म्हणून आम्ही दोघं गेलो. म्हातारी खाटेवर बसून लसूण सोलत होती. बेबीताईंनी विचारलं, "आये, तुजी सासू राधाबाई. तिचं माहेर कंचं?"

"बेलवली," म्हातारी म्हणाली. "पण राधा तिला लग्नात ठेवलेलं नाव. माहेरी यमुना बोलायचे."

बेबीताईंनी हातातली गुंडाळी तिथेच फरशीवर उघडली आणि यमुनेच्या गोलावरून राधाबाईच्या गोलापर्यंत बोट नेलं. मलाही तेव्हा दिसलं. लेकी त्यांनी माहेरच्या नावाने लिहिल्या होत्या आणि सुना सासरच्या नावाने. त्या कागदावर बायका एकीकडे नाहीशा होत होत्या आणि दुसरीकडे कुठूनतरी उगवत होत्या. प्रत्येक बाई दोनदा होती, आणि दोन्हीकडे एकटी.

"मी पण दोन हाय," बेबीताई म्हणाल्या. "माहेरची बेबी. लग्नात विमल ठेवलं. तीस वर्षं रजिस्टरवर विमल म्हणून सही केली. आन् मलाच सुचू नये?"

"बाईला कोण विचारतं माहेरचं नाव," म्हातारी लसणाची पाकळी ताटलीत टाकत म्हणाली.

पुढचे दोन महिने बेबीताई बदलापूरपासून उल्हासनगरपर्यंत घरोघर फिरल्या आणि प्रत्येक म्हातारीला तिचं पहिलं नाव विचारत सुटल्या. काही बायकांना ते आठवायला वेळ लागला. एक तर लाजली, पदर तोंडाला लावून. दोनदा लिहिलेली एकेक बाई एक होत गेली, कागद आखडत आखडत निम्म्यावर आला, आणि त्यावर आणखी तीन काळ्या टिकल्या चढल्या. लहानपणी गेलेली, 'पांगळी' म्हणून विसरलेली तीन मुलं. मी कॉलेजात आनुवंशिकता शिकलो, वाटाण्याच्या शेंगांसकट. परीक्षेत मला चांगले मार्क होते. पण ती गुंडाळी बघून मला देवळात गेल्यावर होतं तसं झालं. पाच-सहा पिढ्यांच्या पोटातून एक अक्षर न बोलता, न दिसता चालत आलं होतं, आणि खळीने चिकटवलेल्या कागदावर एका अंगणवाडीच्या बाईने त्याच्या पावलांचा माग काढला होता.

तरीही डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून एक घर हवं, अगदी परकं; नात्यातल्यांत इतर अक्षरंही सारखी असतात. जगभरचे डॉक्टर आपापले संशयित जीन एका ठिकाणी नोंदवून ठेवतात. दोघांकडे तोच जीन आणि तीच लक्षणं निघाली की दोघांना निरोप जातो.

"वधूवर सूचक मंडळ," बेबीताई म्हणाल्या.

बाई हसल्या. "अगदी तेच, मावशी."

स्थळ यायला दीड वर्ष लागलं. दूरच्या कुठल्याशा देशातली दोन भावंडं. पेशींवरही तपासण्या झाल्या. गेल्या महिन्यात आम्हाला बोलावणं आलं. मी, बेबीताई, किरण.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर दोन रेघा काढून दाखवल्या. जीनचा एक बिघडलेला अर्धा वडिलांकडून, एक आईकडून. दोघं स्वतः ठणठणीत. दोन अर्धे एकत्र आले की पाय कडक होतात. आता हा जीन या आजाराच्या यादीत आला. पुढच्या मुलाला वीस वर्षं थांबावं लागणार नाही. सानिकाचे व्यायाम चालू आहेतच. तिच्या धाकट्या भावाची तपासणी झाली, त्याला आजार नाही. किरण म्हणाला, "म्हणजे आपण फर्स्ट बॅच," आणि फिजिओथेरपीच्या खोलीकडे खुर्ची वळवून निघून गेला.

बेबीताई जागच्या हलल्या नाहीत. मी उठलो तर म्हणाल्या, "बस रं." मग टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "एक विचारू का?"

"विचारा ना."

"किरणच्या वेळंला मला सातवा होता. ग्रहण होतं. सासू म्हणाली, हलू नको, चिरू नको. मी म्हणलं, असलं काय नसतं. अंगणवाडीत मीच बायकांना शिकवायची. आन् मुद्दाम विळीवर बसून कोथिंबीर चिरली. तिच्यासमोर."

खोलीत पंखा फिरत होता.

"सासू मरेपर्यंत एक शब्द बोलली नाय. नुसती पोराच्या पायाकडं बघायची."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मावशी, हे तुमच्या जन्माच्याही आधी ठरलं होतं. कोथिंबिरीचा काही संबंध नाही."

"ते मला ठाऊक हाय," बेबीताई म्हणाल्या. "पण अजून एकदा बोला."

बाईंनी पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. बेबीताई डोळे मिटून ऐकत होत्या.