धामणकरकाकांचा ड्राय रन

फ्रान्समधला एक डोंगर मी सिंगापुरातल्या यिशुनमध्ये अकरा वेळा चढले आहे. डोंगर म्हणजे आमच्या ब्लॉकचा जिना, तळमजल्यापासून तेराव्या मजल्यापर्यंत. पाठीवर सॅक, सॅकमध्ये तांदळाची पाच किलोची पिशवी आणि पुढे घड्याळ बघत धामणकरकाका. सातव्या मजल्यावरची चिनी आजी दार किलकिलं करून दर शनिवारी काळजीनं विचारायची, "अंकल, लिफ्ट स्पॉइल आह?" काका न थांबता उत्तर द्यायचे, "नो आंटी, फ्रान्स."

धामणकरकाका माझे शेजारी. एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात ते टेस्टिंगचे मॅनेजर आहेत. नवी प्रणाली सुरू करण्याआधी तिची रंगीत तालीम घ्यायची, हे त्यांचं काम. त्याला ते ड्राय रन म्हणतात. बँकेत हे ठीक आहे, पण काका घरीही तेच करतात. पाहुणे जेवायला येणार असले की आदल्या दिवशी तोच स्वयंपाक करून, त्याच खुर्च्यांवर बसून, तो त्याच क्रमानं जेवतात. मी विद्यापीठात पाणी गाळण्याच्या पडद्यांवर संशोधन करते. त्यामुळे काकांच्या लेखी मी डॉक्टर, आणि डॉक्टर म्हटल्यावर त्यांच्या प्रत्येक ड्राय रनला हजर असणं माझं कर्तव्य.

या वेळचा बेत मोठा होता. फ्रान्सच्या मधोमध ओव्हेर्न्य नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथले ज्वालामुखी कधीच विझले, पण जमिनीतून गरम पाण्याचे झरे अजून येतात. त्या झऱ्यांच्या गावी लोक सांधे शेकायला जातात. तिथले डॉक्टर तीन आठवडे राहायला सांगतात. काकांना रजा आठ दिवसांची. "तीन आठवड्यांचं मी आठ दिवसांत बसवतो," ते म्हणाले. वर डोंगर, चीजवाल्याचं शेत आणि ज्वालामुखीच्या तोंडातलं तळंही बसवलं. खेड्यात बस नाही आणि काकांना गाडी येत नाही, म्हणून त्यांनी आखलेल्या दिवसवार तक्त्यात मला ड्रायव्हर म्हणून बसवलं. मी गाडी साताऱ्यात शिकलेय म्हटल्यावर, "मग घाट येतातच तुला," म्हणून विषय संपला.

खरा प्रश्न सुधाकाकूंचा होता. दोन वर्षांपूर्वी मार्केटच्या ओल्या फरशीवर त्या पडल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, काठी आली. दीडदोनशे पावलं गेल्यावर त्यांना बसावंच लागतं. बसायला जागा मिळाली नाही तर काय, या धास्तीनं त्यांनी बाहेर जाणंच सोडलं. आणि या फेब्रुवारीत त्यांनी जाहीर केलं, की आपण नाशिकला दादाकडे राहायला जाणार. कायमच्या. तिथं तळमजल्यावरची खोली आहे, हाताखाली बाई आहे, इथं नुसती अडगळ होऊन कशाला राहायचं. मी तिथंच बसले होते. काकांनी ऐकलं, "बरं," म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी फ्रान्सचा तक्ता उघडला.

मला तो माणूस दगड वाटला. बायको घर सोडून चाललीय आणि हे तिला डोंगर दाखवायला नेतायत.

गरम पाण्याचाही ड्राय रन झालाच. सेंबावांगच्या हॉट स्प्रिंग पार्कमध्ये आम्ही तिघं बादलीत पाय सोडून बसलो. शेजारचं कुटुंब त्याच झऱ्याच्या कढत पाण्यात अंडी उकडत होतं. काकांनी स्टॉपवॉच लावलं होतं. पंधराव्या मिनिटाला ते म्हणाले, "पाय बाहेर. फ्रान्स पास."

प्रत्यक्ष फ्रान्स मात्र पास व्हायला तयार नव्हतं. पहिल्याच दिवशी स्नानगृहाच्या दारात काकांना अडवलं. ते गुडघ्यापर्यंतची ढगळ चड्डी घालून गेले होते. तिथं पुरुषांना घट्ट, आखूड चड्डी लागते आणि डोक्याला टोपी. दोन्ही देणारं मशीन भिंतीवर होतं. दहा मिनिटांनी काका बाहेर आले ते पोट आत ओढून, निळी टोपी कानांपर्यंत घालून, एखाद्या बैठकीचे अध्यक्ष असल्यासारखे. काकू कितीतरी महिन्यांनी मनापासून हसल्या. काका म्हणाले, "नियम बरोबर आहे. पाणी कमी सांडतं."

औषधी पाणी प्यायचं एक दालन होतं. ते पाणी कोमट, फसफसतं आणि गंजलेला खिळा चोखावा अशा चवीचं. मी एका घोटात हार मानली. काकांनी पेला संपवून दुसरा मागितला. चीजच्या तळघरात गवतावर मांडलेल्या बुरशीच्या चकत्या बघून काकू हळूच म्हणाल्या, "आपल्याकडे दह्याचं असं झालं तर फेकतो गं." काकांनी मात्र शेतकऱ्याला बुरशी कितव्या दिवशी धरते, ती न धरल्यास पर्यायी योजना काय, असे बारा प्रश्न विचारले. शेतकऱ्याला इंग्रजी येत नव्हतं. त्यानं प्रत्येक प्रश्नाला चीजचा एक तुकडा कापून दिला.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. काका रोज पहाटे पाव आणायला जात आणि दोन तासांनी परत येत. पावाचं दुकान आमच्या खिडकीतून दिसत होतं. विचारलं तर म्हणत, "रांग असते." त्या गावात सहाशे माणसं नसतील.

पाचव्या दिवशी तळं होतं. काळ्या दगडांच्या कड्यांमध्ये गोल, गर्द निळं पाणी, भोवती झाडीतून सपाट पायवाट. मी गाडी लावते न लावते तोच काका म्हणाले, "तुम्ही दोघी सावकाश या, मी पुढे होतो." आणि गेलेसुद्धा, भराभरा, सॅक हलवत.

काकू काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या. "बघितलंस?" त्या म्हणाल्या. "दोन वर्षं ही अशी पाठच बघतेय मी. स्टेशनवर पुढे, मॉलमध्ये पुढे. लंगडी बायको शेजारी दिसायला नको वाटत असेल. वाटणारच गं. मी त्यांना दोष देत नाही. म्हणून म्हणते, नाशिकच बरं."

 मला काकांचा असा राग आला होता, की ते समोर असते तर वयाचा मुलाहिजा ठेवला नसता. पहिल्या बाकापर्यंत आम्ही सावकाश चाललो. बाक रिकामा होता. काकू बसल्या.

कुत्र्याला फिरवून परत निघालेले एक म्हातारे गृहस्थ समोरून आले. आम्हाला बघून त्यांचा चेहरा उजळला. खिशातून त्यांनी टिश्यूची चार पाकिटं काढली आणि भरभर फ्रेंचमध्ये बोलत मागे बोट दाखवलं. एवढं कळलं, की ही वाटेवर पडलेली सापडली, तुमचीच असणार, सांभाळून न्या.

सिंगापुरात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, जेवण आणायला जाताना टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं, की ते टेबल तुमचं. त्याला चोप करणं म्हणतात. बाकी लोक ताट हातात घेऊन उभे राहतील, पण त्या टेबलाला शिवणार नाहीत. फ्रान्समधल्या या सज्जनाला तो कायदा कुठून ठाऊक असणार?

प्रत्येक पाकिटावर काळ्या शाईत काकांचं अक्षर होतं. काकूंनी चष्मा लावला. पहिल्यावर लिहिलं होतं, "सुधा. बाक १. पुढचा बाक १८० पावलांवर." दुसऱ्यावर, "सुधा. बाक २. पुढचा १६५. थोडा चढ आहे, घाई नको." तिसऱ्यावर, "सुधा. बाक ३. पुढचा १४०. इथून पाणी छान दिसतं." काकूंनी चौथं वाचलंच नाही. हातात नुसतं धरून बसल्या.

थोड्या वेळानं आम्ही उठलो. मी मनात पावलं मोजायला लागले, माझी नव्हे, काकूंची. दुसरा बाक आला तेव्हा एकशे अठ्ठ्याहत्तर झाली होती. सहा फुटांचा तो माणूस पहाटेच्या अंधारात अर्धा तास चालत इथं यायचा आणि काकूंएवढी पावलं टाकत या तळ्याला फेरी मारायचा. पावाची रांग ती हीच होती.

"मॉलमध्ये पुढे जातात," काकू चालता चालता म्हणाल्या, "आणि मी पोचते तेव्हा खुर्चीवरून उठून उभे राहतात. मला वाटायचं, मी शेजारी बसायला नको म्हणून उठले. माझ्यासाठी खुर्ची धरून बसायचे ते."  मला रडू आलं. थोड्या वेळापूर्वी या माणसाला मनातल्या मनात काय काय ऐकवलं होतं, त्याची लाज वाटली.

पाचव्या बाकापाशी काका एका फ्रेंच कुटुंबाशी वाद घालत होते. आई, वडील, दोन मुली असे सगळे बाकावर आरामात बसून सफरचंद खात होते. काका मांडीएवढ्या जागेत पाकीट ठेवून पुनःपुन्हा सांगत होते, "धिस वन, चोप ऑलरेडी." ती माणसं पाकीट उचलून अदबीनं परत देत होती. काकूंची काठी दिसताच सगळे उठले आणि हसत पुढे गेले.

"अकरा मिनिटं उशीर," काका म्हणाले. मग त्यांचं लक्ष काकूंच्या हातातल्या चार पाकिटांकडे गेलं.  "इथले लोक टिश्यूला मानत नाहीत," ते पुटपुटले.

"बसा," काकू म्हणाल्या.

"मी पुढचा बाक बघून—"

"बसा म्हणते ना. लंगडताय तुम्ही."

"बूट नवे आहेत."

"काढा."

काकांनी बूट काढले. मोज्यावर टाचेशी रक्त सुकलं होतं. टाचेला फोड, अंगठ्याला फोड, दुसऱ्या पायाची तीच कथा. काकूंनी चौथं पाकीट फोडलं, बाटलीतल्या पाण्यानं टिश्यू ओला केला आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला. बँकेचा पन्नास देशांतला कारभार चालता ठेवणारा माणूस शाळकरी मुलासारखा पाय पुढे करून बसला.

तळ्याकडे बघत ते म्हणाले, "सुधा, नाशिकला जाऊ नकोस. एप्रिलमध्ये मी त्याचाही ड्राय रन केला. तू हिच्याकडे, डॉक्टरकडे, दोन दिवस झोपायला होतीस ना, आपल्या घरात झुरळांचं औषध मारलंय म्हणून? औषध मारलंच नव्हतं. मी एकटा राहून बघितलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो आणि कुलूप उघडून आत जायचा धीरच होईना. खाली बाकड्यावर बसून राहिलो."

 टाच पुसून झाली, दुसरी पुसून झाली. मग काकूंनी पर्समधून फोन काढला आणि नाशिकला लावला. ऐकू कमी येतं म्हणून त्या नेहमी स्पीकरवरच बोलतात.

"दादा, माझं येणं राहू दे. यांच्या पायांना फोड आलेत."

"अरे बापरे," दादा म्हणाले. "किती दिवस लागतील बरे व्हायला?"

काकूंनी मांडीवरच्या त्या भल्यामोठ्या पायाकडे बघितलं. "ते काही सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "त्या खोलीत तू आपला भाडेकरू ठेव."