नामदेवतात्यांची गोल भिंत

माझ्या नव्या घराच्या गृहप्रवेशाला नामदेवतात्या आले ते थेट न्हाणीघरात शिरले. आतून खणखणीत टाळी ऐकू आली. बाहेर येऊन म्हणाले, "गुरुजी, झकास हाय. हितं गाणं म्हणत जावा. हॉलमदी मातूर तोंड उघडू नका."

तात्यांची हयात गवंडीकामात गेली. सणसर ते भवानीनगर निम्म्या भिंती त्यांच्या हातच्या. नव्या जागेत पाऊल टाकलं, की टाळी वाजवून इमारतीची नाडी बघायची, ही त्यांची खोड. बारामतीच्या एका बँकेत त्यांनी रांगेत उभ्या उभ्या तीन टाळ्या ठोकल्या. वॉचमन धावत आला.

"तुमचा साहेब काय बोलतो ते लोकास्नी कळतं का?" तात्यांनी त्यालाच विचारलं.

"नाही."

"कसं कळंल? सपाट स्लॅब!"

त्यामुळे गावातला विहार नव्यानं बांधायचं ठरलं, तेव्हा काय होणार हे मी ओळखून होतो. समितीचा अध्यक्ष विलास, तात्यांचा सख्खा पुतण्या. त्यानं चार सरळ भिंती, चकाचक टाइल्स आणि दोन दांडगे स्पीकर असा नकाशा आणला. तात्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. "मोटारसायकली लावाय ब्येस हाय."

त्यांना बुद्धमूर्तीमागची भिंत गोल हवी होती आणि वर अर्धगोल छत. "सूप जसं दाणं म्होरं ढकलतं, तशी भिंत आवाज म्होरं ढकलती."

"तात्या, माइक हाय की!" विलास म्हणाला.

"माइक लग्नाला. वंदनेला माणसाचा आवाज पायजे."

वाद मिटेना. शेवटी तात्या आम्हा दोघांना कार्ल्याच्या लेण्यात घेऊन गेले. चैत्यगृहात शिरताच टाळी! पहारेकऱ्यानं शिट्टी फुंकली. ती खांबाखांबांतून फिरत छतापर्यंत गेली. तात्या डोळे मिटून ऐकत होते. "वा! मालक, आणिक एकदा मारा."

मग मला स्तुपापाशी बसवून ते विलासला घेऊन पार दारात गेले. "म्हणा कायतरी, गुरुजी! मास्तरकी नगं. आजाऱ्यागत म्हणा."

मी पुटपुटलो, "बुद्धं सरणं गच्छामि." दारातून तात्यांनी हात वर केला. क्षणभरानं विलासचाही हात वर गेला. येताना गाडीत तो म्हणाला, "बांधा गोल. पण फसलं तर तुमच्याच हातानं पाडायची."

"पाडीन," तात्या म्हणाले. पुढं सगळा उन्हाळा ते ओळंबा घेऊन त्या भिंतीपाशीच होते. कुणाला हात लावू देईनात.

उद्घाटनाच्या सकाळी विहार गच्च भरला. विलासनं, न राहवून, माइक मांडलाच. तात्यांनी तो उचलून बाहेर ठेवला आणि मूर्तीसमोर आपल्या बायकोला, कौसाकाकूंना बसवलं.

वंदना वर्षानुवर्षं काकूच सांगायच्या. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज सुतासारखा उरला. त्यानंतर एकदाच त्या माइकसमोर बसल्या. स्पीकरमधून नुसता फसफसता श्वास आला. पोरं हसली. तेव्हापासून काकूंनी विहाराची पायरी चढली नव्हती. हे सगळं मला ठाऊक होतं, आणि तरी इतके महिने मी त्या भिंतीला म्हाताऱ्याचं खूळ समजत होतो.

मी शेवटच्या रांगेत, चपलांशेजारी होतो. काकूंनी हात जोडले. ओठ हलले.

"नमो तस्स भगवतो अरहतो..."

बारीक, चिरलेला, पण शब्द न् शब्द आला. माझ्यापर्यंत आला. त्यांच्यामागून सगळ्या विहारानं तो उचलला. काकू थबकल्या, पदरानं डोळे पुसले आणि पुढची ओळ सांगितली.

तात्या आत नव्हतेच. दाराबाहेर, विहाराकडं पाठ करून उभे होते. विलास त्यांना बोलवायला गेला.

"तात्या, चला की आत. जागा धरलीय."

"गप. हितवर येतंय," तात्या कुजबुजले, आणि डोळे मिटून आणखी दोन पावलं रस्त्याकडं सरकले.